सेक्को म्हणजे सुका नव्हे

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले, की इटलीत लेकीकडे राहिले तेव्हा तिथली भाषा मी कचऱ्याच्या डब्यापाशी शिकले. त्यावर एवढी पत्रं आली, की या खेपेला लोणच्यांचे आणि गुडघेदुखीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. दोन लोणचेवाल्या ताईंनी रागावू नये. त्यांच्या कैऱ्या पुढच्या अंकापर्यंत टिकतील.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी विश्रामबाग, सांगलीची. लेकीच्या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात इटलीला निघाले आहे. तिचं घर त्रेव्हिसोजवळ आहे. लेक फोनवर म्हणते, "आई, तू स्वयंपाक करशील, बाळाला न्हाऊ-माखू घालशील, पण कचरा काही तुला जमायचा नाही." मी तीस वर्षं घर चालवलंय, ओला-सुका वेगळा करते. त्यात एवढं काय अवघड? लागतील ती वाक्यं मराठी अक्षरांत लिहून द्याल का?

ताई, लेक खरं बोलते. मीही साताऱ्याहून अशीच ताठ मानेनं गेले होते. शाहूपुरीत आमच्या दारात घंटागाडी येते, तिचं गाणं वाजलं की मी दोन बादल्या घेऊन फाटकात हजर. शिवाय एकतीस वर्षं शाळेत हिंदी-संस्कृत शिकवलेलं, त्यामुळे नव्या भाषेची भीती नव्हती. आणि योगायोग म्हणजे माझ्याही लेकीचं घर त्रेव्हिसोच्याच बाजूला, एका लहान गावात. घरामागे डबे उभे. तपकिरी डब्यावर 'ऊमिदो', करड्यावर 'सेक्को', निळ्यावर 'वेत्रो, प्लास्तिका, लात्तीने' (काच, प्लास्टिक, पत्र्याचे डबे), आणि एक 'कार्ता'चा, म्हणजे कागदाचा. शब्दकोश उघडला. ऊमिदो म्हणजे ओलसर. सेक्को म्हणजे कोरडं. म्हटलं, हात्तिच्या! हे तर आपलंच, ओला आणि सुका.

आठवडाभर मी कोरडं दिसेल ते सेक्कोत टाकत गेले. वर्तमानपत्रं, फरसाणाच्या पिशव्या, टोमॅटोचे डबे, पुठ्ठे. रविवारी जावयानं झाकण उचललं. माणूस गरीब, तोंडातून शब्द काढला नाही. हातमोजे चढवले आणि अर्धा तास वेचत बसला. मी खिडकीतून बघत होते, आणि मला शाळेत गृहपाठ तपासून घेणाऱ्या मुलासारखं वाटत होतं.

तर पहिली गोष्ट पक्की करा. आपल्या सुक्या कचऱ्यात कागद, प्लास्टिक, काच, पत्रा सगळं येतं आणि पुढे ते कुणीतरी निवडतं. त्यांच्या सेक्कोत यातलं काहीच येत नाही. सगळं निवडून झाल्यावर उरतो तो गाळ म्हणजे सेक्को. केराची धूळ, तुटका कंगवा, जुना दातघासणीचा ब्रश, बाळाचे डायपर. म्हणून त्यावर पुष्कळदा पूर्ण नाव लिहिलेलं असतं, 'सेक्को नोन रिचिक्लाबिले', ज्याचं पुन्हा काही होत नाही असं कोरडं. दुसऱ्या गावांत याच डब्याला 'इंदिफ्फेरेंत्सियातो' म्हणतात, म्हणजे न निवडलेला. आणि निवडून टाकण्याच्या सगळ्या पद्धतीला नाव आहे 'राक्कोल्ता दिफ्फेरेंत्सियाता'. हे एवढं लांब नाव तुम्हाला नोटिशींवर, गाडीवर, पिशवीवर, सगळीकडे दिसेल.

सेक्कोवर एवढा कटाक्ष का, तर त्या भागात करड्या डब्याला चिप बसवलेली असते. गाडीवाल्यानं डबा उलटा केला की यंत्र नोंद घेतं आणि कचऱ्याच्या बिलात प्रत्येक खेप धरली जाते. त्या एका खेपेला 'झ्वुओतामेंतो' म्हणतात, म्हणजे रिकामं करणं. म्हणून डबा काठोकाठ भरल्याशिवाय कुणी बाहेर काढत नाही. मी मात्र आठवड्याला एक भरत होते!

आता उच्चार. इथं मराठी माणसाचं नशीब जोरावर आहे, आणि हे मला शब्दकोशानं नाही, कानानं शिकवलं. इटालियनमधले त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून म्हणायचे, ट-ड नाहीत. जोडाक्षर दिसलं की आपण 'पक्का', 'गच्ची' म्हणतो तसं दाबून म्हणायचं : साक्को, बुत्ता, लात्तीने. ह उच्चारतच नाहीत. आणि त्यांच्याकडे एक अक्षर आहे, ज्याचा उच्चार बहुतेक वेळा आपल्या 'चूक'मधल्या च-सारखा होतो. ग्रात्सिए, दिफ्फेरेंत्सियाता, यात मी 'त्स' लिहिलंय तो हाच. 'चहा'मधला च त्यांच्याकडे वेगळ्या अक्षरानं येतो, 'रिचिक्लाबिले'मध्ये आहे तो. हिंदीवाल्याला हा फरक समजवायला घाम फुटतो, आपण तो पाळण्यातच शिकलेलो असतो.

वाक्यं. सगळ्यात कामाचं एकच, आणि तेही मराठीच्या वळणाचं. आपण विचारतो ना, "हे कशात जातं?" तेही तसंच विचारतात :

दोवे वा क्वेस्तो? (हे कुठं जातं?)

वस्तू हातात धरायची आणि एवढं म्हणायचं. उत्तर येईल वा नेल सेक्को (सेक्कोत जातं), वा नेल्लूमिदो (ओल्यात), वा नेल्ला कार्ता (कागदात). म्हणजे 'वा' ऐकू आलं की पुढचा शब्द पकडायचा, बाकीचं सोडून द्यायचं. तुम्हाला अंदाज असेल तर उलट विचारा : क्वेस्तो वा नेल्लूमिदो? हे ओल्यात जातं का? थोडं अधिक व्यवस्थित बोलायचं तर दोवे सी बुत्ता? कुठं टाकतात?

पण त्याच्या आधी ओळख लागते. आमच्या शेजारच्या सिन्योरा, म्हणजे बाई, रोज कठड्यावर कोपर टेकून माझी कसरत बघायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना सरळ कोथिंबिरीच्या काड्या दाखवून "दोवे वा?" विचारलं. त्या बिचकल्या. बाईनं दारात काड्या नाचवल्या तर कोण बिचकणार नाही? मग लेकीनं शिकवलं : बुओन्जोर्नो. सोनो ला माम्मा दी... आणि पुढं मुलीचं नाव. मी अमकीची आई. या एका वाक्यानं कठड्यापलीकडची बाई हसली. आपल्याकडे तरी दुसरं काय चालतं, कुणाची कोण हे कळल्याशिवाय बोलणं पुढं सरकतच नाही.

नोन पार्लो बेने लितालियानो. मला इटालियन नीट येत नाही. पुओ रिपेतेरे, पेर फावोरे? पुन्हा सांगता का? यातला 'पुओ' आपल्या 'तुम्ही'सारखा आदराचा आहे. 'तू'चं रूप वेगळं असतं, ते लेकीच्या मैत्रिणींसाठी ठेवा, सिन्योरांसाठी नको. मी स्कूझी, ओ झ्बाल्यातो बिदोने. माफ करा, माझा डबा चुकला. हे वाक्य मी सगळ्यात जास्त वापरलं. पाठ करून जा.

गाडीच्या दिवसांचं वेळापत्रक घरात फ्रीजवर चिकटवलेलं असेल, पण बाळाच्या जागरणात वार कुणाच्या लक्षात राहतो? तेव्हा शेजारी विचारायचं : कोझा रितीरानो दोमानी? उद्या काय नेणार? उत्तर एका शब्दात येतं. आणि क्वांदो पास्सा ऊमिदो? असं मी विचारायचे, व्याकरणात किंचित लंगडं आहे, पण मला उत्तर कायम बरोबर मिळालं. नीट म्हणायचं असेल तर 'लूमिदो' म्हणा. डबा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा असतो. घंटा नाही, गाणं नाही, पहाटे येऊन घेऊन जातात.

ओल्यात पिशवीसकट टाकायचं, पण ती पिशवी कुजणारी हवी : साक्केत्तो कोंपोस्ताबिले. विकत आणण्याआधी स्वयंपाकघराचा खण बघा. १ जानेवारी २०१८ पासून तिथं दुकानात सुटी भाजी-फळं घ्यायची पातळ पिशवी कायद्यानंच कुजणारी असावी लागते. तीच पुन्हा ओल्या कचऱ्याला. चहाचा चोथा, भाजीची देठं, उरलेला भात, कॉफीचा गाळ, सगळं ऊमिदो.

आता बाळंतपणाचं म्हणून दोन गोष्टी. डायपरला पान्नोलीनी म्हणतात आणि ते सेक्कोत जातात. तान्ह्या बाळाच्या घरात सेक्कोचा डबा चार दिवसांत भरतो, म्हणून बऱ्याच नगरपालिका अशा घरांना वेगळी सोय देतात. लेकीला पोट घेऊन हेलपाटे नकोत, तुम्ही आधी विचारायला लावा : चे उन सेर्वीत्सियो पेर इ पान्नोलीनी? डायपरसाठी काही सोय आहे का? आणि दुसरं, तेल. तुम्ही तिथं पुऱ्या तळणार, चकल्या पाडणार, नाही म्हणू नका. उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. बाटलीत भरून ठेवायचं आणि संकलन केंद्रात न्यायचं. आमच्याकडे त्या केंद्राला एकोचेंत्रो म्हणत, दुसरीकडे 'इझोला एकोलोजिका' म्हणतात, म्हणजे पर्यावरणाचं बेट. नाव मोठं छान आहे, प्रत्यक्षात पत्र्याच्या मोठमोठ्या पेट्या असतात. दारातल्या माणसाला सांगायचं : ओ देल्लोल्यो उझातो. वापरलेलं तेल आणलंय. जुनं भांडं न्यायचं तर देवो बुत्तारे ऊना पादेल्ला वेक्क्या, जुना तवा टाकायचाय. बॅटऱ्यांना 'पीले', मुदत संपलेल्या औषधांना 'फार्माची स्कादूती'. औषधांची पेटी औषधाच्या दुकानाबाहेर किंवा आतच असते, तिकडं एकोचेंत्रोपर्यंत जावं लागत नाही.

आणि निघताना ग्रात्सिए, बुओना जोर्नाता. बाळ झालं की कळवा.

प्रश्न : काकू, मी कराडचा. सप्टेंबरमध्ये एम. एस.साठी मिलानला जातोय. चार मुलं मिळून खोली घेतलीय. सीनियर सांगतात की तिथं कचऱ्यावरून दंड होतो. वरचे सगळे शब्द मिलानलाही चालतील का?

बाळा, शब्द चालतील, डबे चालणार नाहीत. ही इटलीची गंमत आहे. निवडायचा कायदा देशाचा, पण रंग आणि विभागणी प्रत्येक नगरपालिकेची, म्हणजे 'कोमूने'ची. आमच्या त्रेव्हिसोकडे काच, प्लास्टिक आणि पत्र्याचे डबे एकाच निळ्या डब्यात. मिलानमध्ये काच एकटी, हिरव्या डब्यात. प्लास्टिक आणि धातू पिवळ्या पारदर्शक पिशवीत, तिला सगळे साक्को जाल्लो म्हणतात. कागद पांढऱ्या डब्यात, ओला तपकिरी. मिलाननं ओला कचरा घराघरातून वेगळा घ्यायला २०१२ मध्ये सुरुवात केली आणि २०१४ मध्ये सगळं शहर त्यात आलं, म्हणजे तिथल्या आज्यांनाही ही सवय पन्नाशी-साठीनंतरच लागली. तुला विशीत लागेल.

डबे इमारतीच्या चौकात असतात, कोर्तीले. दंड आला तर पुष्कळदा तो इमारतीच्या नावानं येतो आणि मग सगळी इमारत मिळून दोषी शोधते. परदेशी पोरांची खोली सगळ्यात आधी आठवते. म्हणून पहिल्याच आठवड्यात खाली राहणाऱ्या पोर्तिनायोला, म्हणजे राखणदाराला, जाऊन भेट : बुओन्जोर्नो, सोनो नुओवो. मी पुओ स्प्येगारे ला राक्कोल्ता? मी नवीन आहे, कचरा कसा निवडायचा ते सांगता का? स्वतःहून विचारणाऱ्यावर माणसं संशय घेत नाहीत.

चार खोड्या सांगते, ज्यांत पोरं अडकतात. दुकानाची पावती, स्कोंत्रीनो, दिसते कागद पण कागदात जात नाही. ती उष्णतेनं छापलेली असते, तिच्यावर रसायनाचा थर असतो. ती उरलेल्यात. पिझ्झाचं खोकं : स्वच्छ झाकण फाडून कागदात, तेलकट, चीज चिकटलेला तळ कागदात नाही. फुटलेला चिनी मातीचा कप किंवा ओव्हनमध्ये चालणारं काचेचं भांडं काचेत टाकायचं नाही. ते बाटलीच्या काचेच्या तापमानाला वितळत नाही, आणि नव्या बाटलीत खडा होऊन बसतं.

आणि चौथी, जिच्यावर मी तिथं वादही घातला. प्लास्टिकच्या पिशवीत प्लास्टिक जात नाही! म्हणजे, सगळं प्लास्टिक जात नाही. फक्त पॅकिंग जातं, 'इंबाल्लाज्जो'. बाटली, डबी, बिस्किटाचं वेष्टन, शाम्पूची बाटली. फुटलेली बादली, खेळणं, पेन, ब्रश जात नाही. मी जावयाला म्हटलं, बादली प्लास्टिकची नाही तर काय सोन्याची आहे? तेव्हा त्यानं समजावलं. १९९७ च्या कायद्यापासून पॅकिंग बनवणारे आणि वापरणारे उद्योग त्याच्या पुनर्वापरासाठी पैसे भरतात, त्या पैशांतून ही पिवळी पिशवी चालते. बादली बनवणाऱ्यानं त्यात काही भरलेलं नाही, म्हणून तिची सोय तिथं नाही. बादली एकोचेंत्रोला न्यायची, मिलानमध्ये त्याला रिचिक्लेरीया म्हणतात. हिशेब मला पटला, पण बादली कडेवर घेऊन चालत जाताना पटलेला नव्हता.

बाकी तू कराडचा आहेस. २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत तुझं गाव देशात पहिलं आलं होतं. तेव्हा मिलानच्या चौकात मान खाली घालून उभं राहायचं कारण नाही.

प्रश्न : मी मिरजेचा निवृत्त रेल्वे कर्मचारी. मुलगा इटलीत बेर्गामोला असतो. सूनबाई दह्याचा प्रत्येक डबा साबण लावून घासते आणि मग कचऱ्यात टाकते. मी लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते दिवस पाहिलेत, माझ्या जिवाला लागतं. हे खरंच करावं लागतं का?

दादा, २०१६ साली मिरजेतूनच पाण्याच्या गाड्या भरून गेल्या, तुमच्या जिवाला लागणारच. नाही, घासायची गरज नाही. डबा वूओतो हवा, म्हणजे रिकामा. आतलं चमच्यानं खरवडून काढलं की झालं. फार तर भांडी धुतलेल्या पाण्यातून एकदा विसळायचा. सूनबाईंना थेट सांगू नका, शेजाऱ्याला त्यांच्यादेखत विचारा : बिझोन्या शाक्क्वार्लो? विसळावं लागतं का? उत्तर त्यांच्या कानावर आपोआप जाईल. सासऱ्यांनी असंच बोलावं.

बाटल्यांबद्दलही एक सांगा. त्या आडव्या धरून लांबीत चेपायच्या, वरून दाबून चकती करायची नाही, आणि टोपण परत लावायचं. चपटी चकती निवडणाऱ्या यंत्राला बाटली म्हणून ओळखूच येत नाही. तुम्हाला चेपायचं काम द्या म्हणावं, निवृत्त माणसाला बरं वाटतं.

२०२३ पासून तिथल्या पॅकिंगवर ते कशात टाकायचं हे छापलेलं असतं, आणि खाली बहुतेक वेळा एक ओळ : वेरीफिका ले दिस्पोझित्सिओनी देल तूओ कोमूने. तुमच्या नगरपालिकेचे नियम बघा. दुधाच्या खोक्यावर ही ओळ मनावर घ्यावीच लागते, कारण एका गावात ते कागदात जातं आणि शेजारच्या गावात प्लास्टिकमध्ये.

प्रश्न : बाई, मी गावभाग, सांगली. आमचं निर्माल्य वर्षानुवर्षं कृष्णेत, आता घाटावरच्या कलशात. मुलाकडे इटलीत देव नेले आहेत. तिथं निर्माल्याचं काय करू? कचऱ्यात टाकायला हात धजत नाही.

माझाही धजला नव्हता. आमच्याकडून सीले नावाची फार देखणी, नितळ नदी वाहते, तळातलं गवत दिसतं. मी दोन दिवसांची फुलं द्रोणात घेऊन काठापर्यंत गेलेही होते. तिथं एक आजोबा बदकांना बघत बसले होते, त्यांनी नुसतं माझ्याकडे आणि मग द्रोणाकडे पाहिलं. मी तशीच परत आले. नदीत काही टाकणं हा तिथं गुन्हा आहे, श्रद्धेला सवलत नाही.

फुलं ऊमिदोत जातात आणि त्याचं पुढं खत होतं. हाराचा दोरा मात्र सोडवून सेक्कोत टाका, जरतार लावलेली असेल तर तीही. मी मग एक केलं. लेकीच्या अंगणात लिंबाच्या कुंडीत निर्माल्य पुरायला लागले. सिन्योरांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हटलं, फ्योरी पेर दीओ, देवाची फुलं. व्याकरण देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बागेतले दोन गुलाब आणून दिले.

प्रश्न : सातारा, सदर बझार. माझ्या जावयाच्या ऑफिसातला इटालियन मित्र फोनवर वैतागून "मी आ तिरातो उन बिदोने" असं म्हणाला. मी तुमच्या लेखातला 'बिदोने' ओळखला. त्याला कुणी कचऱ्याचा डबा फेकून मारला का? जावई सांगत नाही, नुसता हसतो.

शब्दाला शब्द लावला तर तसंच होतं, हो. 'माझ्यावर डबा फेकला.' पण अर्थ एवढाच, की कुणीतरी येतो म्हणून सांगितलं आणि आलं नाही. टांग दिली. जखम वगैरे काही नाही, जावयाला हसू द्या. मला हे कळलं तेव्हा पोवई नाक्यावर रिक्षावाल्यानं दिलेले अनेक बिदोने आठवले.